उन्हाळा सोसणारं यीस्ट आणि चमचाभर दही

देवकाबाई तिमांडे कुठं कामाला जातात असं देवळीच्या बसस्टँडवर कुणी विचारलं, की पानठेलेवाला सरळ सांगायचा, "दारूच्या कारखान्यात." वर गालातल्या गालात हसायचाही. देवकाबाईंच्या कानावर हे कितीदा तरी आलं होतं. ज्या बाईला खोकल्याच्या औषधाचा वाससुद्धा सोसत नाही, तिच्या वाट्याला हे यावं, याला काय म्हणायचं? पहिली दोन वर्षं त्या भांडल्या. तिसऱ्या वर्षी त्यांनी ठरवलं, की लोकांची तोंडं धरत बसण्यापेक्षा सातची बस धरलेली बरी.

कारखाना देवळीपासून अकरा किलोमीटरवर, बोरखेडीच्या शिवारात. तसा तो साखरेचा. ऊस गाळायचा, साखर काढायची, आणि मागं उरलेली काळी चिकट मळी मागच्या अंगाच्या डिस्टिलरीत पाठवायची. तिथं मळीत पाणी घालून ती यीस्टनं आंबवत आणि तिच्यातून स्पिरिट काढत. ते औषधवाले नेत, रंगवाले नेत, आणखी कोण कोण नेत ते आपण न विचारलेलंच बरं. मग दोन हजार तीन साल उजाडलं आणि पेट्रोलमध्ये शंभरात पाच भाग इथेनॉल मिसळायचं असं सरकारनं ठरवलं. हे पेपरात छापून आलं त्या दिवसापासून देवकाबाई पानठेल्यासमोरून मान ताठ करून जाऊ लागल्या. त्यांच्या हातचं यीस्ट आता मोटारी चालवणार होतं, आणि पानठेलेवाल्याची स्वतःची लूना सुद्धा त्यातून सुटणार नव्हती.

त्यांचे मालक तानबाजी याच कारखान्यात बॉयलरवर होते. एक्याण्णव साली त्यांना कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. पोरगी सपना तेव्हा सहा वर्षांची. पुढच्या हंगामात कारखान्यानं देवकाबाईंना प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला ठेवलं, तेही हंगामी म्हणून. नोव्हेंबरात बोलवायचं, एप्रिलात घरी पाठवायचं.

प्रयोगशाळेत भैय्याजी नावाचे जुने केमिस्ट होते. शिकवायची त्यांना फार हौस, आणि शिकायला त्यांच्याकडे कुणी टिकत नसे, कारण ते शिकवताना ओरडायचे. देवकाबाई टिकल्या. सासूच्या हाताखाली नऊ वर्षं काढलेल्या बाईला भैय्याजींचं ओरडणं म्हणजे काहीच नव्हतं. काचनळीतल्या खळीसारख्या थरावर सायीसारखं पसरलेलं यीस्ट भैय्याजींनीच त्यांना दाखवलं. जीव आहे यात, खायला लागतं, उष्णता लागते, घाण चालत नाही. नळीतून ते बाटलीत वाढवायचं, बाटलीतून कॅनमध्ये, कॅनमधून लहान टाकीत आणि तिथून साठ हजार लिटरच्या हौदात, म्हणजे व्हॅटमध्ये. थोड्या जित्या वस्तूपासून पुष्कळ करायची ही रीत देवकाबाईंना नवी नव्हती. घरी रोज रात्री विरजण लावणाऱ्या बाईला ती कुणी शिकवायला लागत नाही.

चार हंगामांत बाटल्या धुणं मागं पडलं आणि यीस्ट सांभाळणं हेच त्यांचं काम झालं. व्हॅटच्या कठड्यावर उभं राहून त्या नुसता वास घेऊन सांगत, की आज फेस नीट आहे, किंवा आज काहीतरी आंबट लागतंय, पाहा. यंत्र अर्ध्या तासानं तेच सांगे. अख्खा कारखाना त्यांना 'यीस्टवाली बाई' म्हणू लागला, आणि हंगामीच्या हंगामी त्या राहिल्याच.

त्याचं कारण ऊन. साधं यीस्ट तीस-बत्तीस अंशांत खूश असतं. छत्तीसला रुसतं, चाळीसला मरतं. आणि आपल्या वर्धा जिल्ह्यात एप्रिल लागला की व्हॅट गार करायला सोडलेलं पाणीच चहासारखं येतं. मग डिस्टिलरी बंद. मळी टाक्यांमध्ये पडून राही आणि माणसं घरी. अकरा वर्षांत देवकाबाईंनी मे महिन्यातला कारखाना एकदाही पाहिला नव्हता.

अशात दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून यामिनी नावाची मुलगी आली. वय सत्तावीस, पाठीवर सॅक, हातात बर्फाचा डबा. डब्यात यीस्टच्या चाळीस नळ्या होत्या. हे यीस्ट तिनं चार वर्षं खपून घडवलं होतं. उष्णता सोसणाऱ्या एका दुसऱ्या यीस्टचा गुण उचलून तो कारखान्यातल्या यीस्टच्या अंगात बसवला होता, म्हणजे ते चाळीस अंशांतही काम करील.

देवकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे बीटी पऱ्हाटीवानी?"

"अगदी तसंच," यामिनी म्हणाली. "तिथं कपाशीला बोंडअळी आहे, इथं यीस्टला ऊन आहे."

"मंग सरळ सांगा ना मॅडम. मी कवाची घाबरून राह्यली होती."

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. यामिनी त्यांना मावशी म्हणायला लागली आणि त्यांच्या डब्यातली ज्वारीची भाकर खायला लागली. देवकाबाई मात्र तिला मॅडमच म्हणत. प्रयोगशाळेत नातं वेगळं आणि काम वेगळं, असं त्यांचं होतं.

हे घडवलेलं यीस्ट असल्यामुळे दिल्लीची परवानगी फक्त छोट्या चाचणीपुरती होती. वेगळी बंद खोली, पाचशे लिटरची झाकणाची टाकी, आत जाणारी प्रत्येक वस्तू उकळलेली, बाहेर पडणारा थेंबसुद्धा उकळून मारलेला. यामिनीनं सतरा नियम मराठीत लिहून दारावर चिकटवले. हात धुवा, चपला बाहेर ठेवा, खोकू नका, विड्या ओढू नका. सगळं होतं त्यात. टाकीत दही टाकू नका, एवढं तेवढं नव्हतं. पुण्याच्या मुलीला ते सुचणार तरी कसं?

ही दह्याची गोष्ट सांगायलाच हवी. दरवर्षी हंगामाचं पहिलं व्हॅट चालू करताना दारात नारळ फुटे, आणि यीस्ट सोडलं की व्हॅटमध्ये चमचाभर दही-साखर पडे. ही पद्धत भैय्याजींनीच पाडली होती. "लेकरू परीक्षेले जाते तवा त्याच्या हातावर दही ठेवता का नाई?" ते म्हणत. "मंग हे बी कामालेच चाललं." भैय्याजी रिटायर झाल्यावर तो चमचा देवकाबाईंकडे आला. साठ हजार लिटरचं व्हॅट, बत्तीस अंश, जंतू मरावेत म्हणून वरून घातलेलं ॲसिड. त्यात एका चमच्याची काय कथा? कधीच काही झालं नाही, आणि ज्यानं कधीच काही होत नाही त्याला माणसं शुभ म्हणतात.

चाचणी फेब्रुवारीच्या शेवटी लागली. वाफेचा नळ फिरवून खोली चाळीस अंशांवर आणली होती. मॅनेजर सदाशिवराव सकाळपासून येरझारा घालत होते. सिंदी मेघेला राहणारा हा गृहस्थ, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, पण राग सगळ्यांत मोठा. केळझरच्या गणपतीची चतुर्थी त्यांनी कधी चुकवली नाही, आणि नव्या गोष्टीवर कधी लगेच विश्वास ठेवला नाही. चाचणी साधली तर डिस्टिलरी उन्हाळ्यातही चालेल, आणि उन्हाळ्यात चालली तर काही हंगामी लोक कायम करता येतील, असं त्यांनी संचालकांना सांगितलं होतं. तशी यादीही केली होती. सात नावं. सातवं देवकाबाईंचं. यादी मार्चमध्ये संचालकांपुढं जायची होती.

वीस लिटरच्या लहान टाकीत यीस्ट सोडून झालं आणि यामिनी पुण्याला फोन लावायला ऑफिसात गेली. देवकाबाईंनी पिशवीतून स्टीलची डबी काढली. डबीही उकळून आणली होती आणि चमचाही. त्या बाबतीत त्यांनी नियम मोडला असं कुणी म्हणू शकत नाही. झाकण उघडून चमचाभर दही-साखर आत सोडली, मनात देवाचं नाव घेतलं, झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी लहान टाकीतलं यीस्ट मोठ्या टाकीत गेलं.

तिसऱ्या दिवशी बुडबुडे थंडावले. देवकाबाईंनी दारातूनच वास घेतला. आंबट. यंत्रानं सांगितलं, अल्कोहोल जेमतेम तीन टक्के. निघायला हवं होतं आठच्या वर. यामिनीनं थेंबभर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर गोल गोल यीस्टच्या मधून काड्यांसारखे जंतू वळवळत होते, आणि यीस्टपेक्षा तेच जास्त.

"पण आले कुठून?" ती स्वतःशीच बोलत राहिली. मळी उकळलेली, टाकी उकळलेली, नळ उकळलेले. प्रत्येक नोंदीखाली तिची सही होती आणि देवकाबाईंचीही. सगळं धुऊन पुसून पाहिलं तेव्हा एकच जागा उरली. तिच्या स्वतःच्या नळ्या. पुण्याहून आणलेलं मूळ यीस्टच नासकं असणार. नळीतल्या थेंबात काड्या दिसल्या नाहीत, पण मोजक्याच असल्या तर त्या दिसतही नाहीत.

सदाशिवरावांना तेवढंच पुरलं. "मी पैलेच म्हनलं होतं," ते व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बनवलेलं यीस्ट थे बनवलेलंच. पुन्याच्या थंडीत वाढलेलं, आपल्याकडं कायले टिकते?"

शनिवारी दुपारी यामिनी खोलीच्या पायरीवर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. देवकाबाईंनी तिच्या हातात चहा दिला.

"चार वर्षं, मावशी," ती म्हणाली. "पुण्याहून फोन आला. सोमवारी सकाळी सगळ्या नळ्या उकळून मारायच्या आणि अहवाल फॅक्स करायचा. मूळ यीस्ट अशुद्ध, काम बंद. माझी नोकरीही याच कामावर होती."

"होते असं, मॅडम. जिवंत वस्तू आहे थे," देवकाबाई म्हणाल्या. "नासते कधी कधी." आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं. त्यांच्या डोक्यात तोवर काहीच आलं नव्हतं.

आलं ते रविवारी, स्वयंपाकघरात. सपना आता अठरा-एकोणीस वर्षांची, डी.एड. करत होती. सुट्टीचा दिवस, म्हणून तिनं सकाळी नऊला दूध विरजून ठेवलं होतं. बाराच्या सुमारास झाकण उचलून ती म्हणाली, "आई, दही लागलं बी. थंडीत आख्खा दिवस लावते, अन् आता पाय, तीन घंट्यात घट्ट."

"ऊन लागलं ना बाई. उन्हात लवकरच लागते," देवकाबाई म्हणाल्या, आणि वाक्य संपायच्या आत पळी हातातच राहिली.

उन्हात लवकर लागतं. आणि ती खोली चाळीस अंशांवर ठेवली होती. साठ हजार लिटर नाही, वीस लिटर. ॲसिड नाही. आंबट वास. नाकानं अख्खा कारखाना ओळखणाऱ्या बाईला स्वतःच्या घरचा वास ओळखू आला नव्हता.

पुढचे तीन-चार तास त्यांनी काय काय विचार केला, ते लपवण्यात अर्थ नाही. गप्प बसलं तर कुणाला कळणार? सगळं उकळलं होतं असं कागद सांगत होता. चाचणी बुडाली म्हणून यादी रद्द झाली नव्हती. सदाशिवराव म्हणाले होते की तरीही पुढं पाठवतो, पाहू काय म्हणतात ते. पण तुमच्याच बाईनं टाकीत दही टाकलं, हे बाहेर आलं तर सातवं नाव सगळ्यांत आधी कापलं जाईल. अकरा वर्षं. पोरीचं शिक्षण अर्धवट. यामिनी तरुण आहे, शिकलेली आहे, तिला दुसरं काम मिळेल. हेही त्यांच्या मनात आलं, आणि एकदा नाही, दोन-तीनदा आलं.

पण मग त्यांना त्या चाळीस नळ्या दिसायला लागल्या. उद्या सकाळी त्या उकळत्या भांड्यात जाणार. आत निरोगी, निर्मळ यीस्ट, ज्याचा काही म्हणता काही दोष नाही. एवढी वर्षं त्यांनी यीस्ट मरू नये म्हणून जीव टाकला होता. थंडीत बाटल्यांना गोणपाट गुंडाळलं होतं, लाइट गेली की बर्फासाठी देवळीपर्यंत माणूस पिटाळला होता. आणि आता स्वतःच्या चुकीपायी ते मारू द्यायचं, शिवाय एका पोरीला जन्मभर वाटू द्यायचं की तिचंच काम नासकं होतं. छे, हे त्यांच्यानं होणार नव्हतं. हे कळलं तेव्हा त्यांना बरं वगैरे काही वाटलं नाही. नुसती भीती वाटली.

"आई, काय झालं वो?" सपनानं विचारलं.

"काई नाई. उद्या माही नोकरी जाईन बहुतेक," देवकाबाई म्हणाल्या आणि कढी ढवळायला लागल्या.

सोमवारी त्या पोचल्या तेव्हा यामिनी नळ्या जाळीत रचून त्या वाफेच्या भांड्यात ठेवतच होती. भांडं प्रेशर कुकरसारखंच, फक्त घागरीएवढं. खाली शेगडी पेटलेली.

"मॅडम, शेगडी बंद करा."

"मावशी, अवघड करू नका हो. मला एकदाचं संपवून टाकू द्या."

"बंद करा म्हनलं ना." देवकाबाईंनी स्वतःच शेगडी बंद केली. मग पिशवीतून स्टीलची डबी काढून टेबलावर ठेवली. "तुमचं यीस्ट चांगलं आहे. मी दही टाकलं होतं. लहान टाकीत, चमचाभर. तुमी फोन लावाले गेलत्या तवा."

यामिनीनं डबीचं झाकण उघडून पाहिलं. "दही?"

"हाव. दही-साखर. दरवर्षी टाकतो आमी, शकून म्हनून. आंधी कधी काई झालं नाई. पन खोली गरम होती, अन् दही उन्हात लवकर लागते, हे मले काल ध्यानात आलं. आता तुमाले जे करायचं थे करा. साहेबाले सांगा, लिहून द्या. पन ह्या नळ्या नका मारू."

यामिनी मटकन खाली फरशीवर बसली. देवकाबाईंना वाटलं, आता ही ओरडणार, आणि ओरडली तर तिचा हक्क आहे. पण ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते थांबेचना.

"मावशी, तुम्ही काय केलंत तुम्हाला कळतंय का?"

"कळते. तेच तं सांगून राह्यली."

"नाही, नाही कळत. दोन दिवस मी झोपले नाही. चार वर्षं मी कचऱ्यावर घालवली असं वाटत होतं मला. आणि तुम्ही सांगताय की नुसतं दही होतं." तिनं बसल्या बसल्याच देवकाबाईंचा हात धरला. "एवढी चांगली बातमी मला आयुष्यात कुणी दिली नाही हो."

जी गोष्ट तोंडातून बाहेर पडली की जग बुडेल असं देवकाबाईंना वाटत होतं, तीच दुसऱ्या कुणाला इतकी हवी असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं असं एकदम उतरलं की त्याही फरशीवर बसल्या.

मग यामिनीनं डबीतलं थोडंसं दही काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, आणि टाकीतला थेंब शेजारी. त्याच काड्या. "पाहा," ती म्हणाली. देवकाबाईंनी एक डोळा मिटून पाहिलं. सासूच्या काळापासून ज्यांना त्या रोज दूध पाजत आल्या होत्या, त्यांचं तोंड त्या आज पहिल्यांदा पाहत होत्या.

"गोजिरवाणे आहेत," त्या म्हणाल्या. "पन मेले चुकीच्या घरात गेले."

खरा डोंगर पुढेच होता. सदाशिवरावांच्या टेबलावर ती सात नावांची यादीच पडलेली होती. देवकाबाई उभ्या राहिल्या आणि सगळं पुन्हा सांगितलं, काही न वगळता. यामिनी मध्ये बोलायला गेली तर तिला हातानं थांबवलं. एरवी ज्यांचा आवाज व्हरांडाभर जाई ते सदाशिवराव चष्मा काढून पुसत बसले.

"चमचाभरच?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हाव साहेब."

त्यांनी दाराकडे पाहिलं. चपराशाला बाहेर पाठवून दार लोटून घ्यायला सांगितलं. मग अगदी हळू म्हणाले, "मी वाटीभर टाकलं."

दोघींना काही कळेना.

"पंचामृत. केळझरचं. चतुर्थीचं ठेवलं होतं घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, तुमी यायच्या आंधी. मोठ्या टाकीत. इतलं मोठं काम होऊन राह्यलं, देवाचं काहीतरी पडलं पाह्यजे म्हनून." चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत ते म्हणाले, "शुक्रवारी वास आला तवाच मनात आलतं. पन सांगू कोनाले? म्हनून मंग यीस्टवर ओरडत बसलो."

मग यामिनीला पुन्हा हसू फुटलं. तिनं तोंडावर ओढणी धरली, पण उपयोग झाला नाही. सदाशिवरावही कसंनुसं हसले, आणि मग चांगलं पोट धरून हसले. देवकाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांची नजर त्या कागदावर होती.

"साहेब, माह्यं नाव," त्या म्हणाल्या.

सदाशिवरावांनी यादी उचलली, पाहिली आणि फायलीत घालून फायलीची दोरी बांधली. "तुमचं नाव कापाचं म्हनलं, तं माह्यं कुठं ठेवू?" ते म्हणाले. "तुमी तं येऊन सांगितलं. मी अजून सांगतच नव्हतो."

पुण्याला अहवाल गेला त्यात दोन्ही नावं होती, वर सदाशिवरावांचं आणि खाली देवकाबाईंचं. कारण: दही. त्या संस्थेत म्हणे आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पण चाचणी पुन्हा घ्यायची परवानगी मिळाली. यामिनीनं दारावर अठरावा नियम लिहिला, 'टाकीत नैवेद्य किंवा प्रसाद टाकू नये', आणि त्याखाली मॅनेजरची सही घेतली. चाचणी पुन्हा होणार या भरवशावर यादी संचालकांपुढं गेली, दोन नावांवर वाद झाला, देवकाबाईंच्या नावावर झाला नाही. एप्रिलच्या वीस तारखेला त्यांच्या हातात कायमचा हुकूम पडला. त्यांनी तो सपनाकडून तीनदा वाचून घेतला, आणि तिसऱ्यांदा नीट ऐकला.

पुढं मोठ्या व्हॅटसाठीची दिल्लीची परवानगी कागदात अडकली ती अडकलीच. तिची वाट पाहता पाहता यामिनीला दुसरीकडे मोठी जागा मिळाली, आणि आमची डिस्टिलरी उन्हाळ्यात बंदच राहत गेली. ते असो. मे महिन्यात काय झालं ते सांगितल्याशिवाय या बाईची गोष्ट पुरी व्हायची नाही.

दुसरी चाचणी मेच्या तिसऱ्या आठवड्यात लागली. बाहेर सेहेचाळीस अंश. वाफेचा नळ उघडायचीही गरज पडली नाही, खोली आपली आपण तापली होती. कारखान्याच्या आवारात कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. देवकाबाईंना तो रिकामा, तापलेला कारखाना पाहून नवल वाटलं. अकरा वर्षांत त्यांनी तो असा पाहिलाच नव्हता. तीन दिवस त्या ओल्या पंच्यानं डोकं बांधून दारापाशी स्टुलावर बसल्या. आत जाणाऱ्या प्रत्येकाचे हात त्या पाहत, सदाशिवरावांचे तर दोन्ही बाजूंनी पाहत, आणि ते मुकाट्यानं दाखवत.

तिसऱ्या दिवशी दुपारी यामिनीनं टाकीच्या खालच्या तोटीतून काचेच्या पेल्यात नमुना काढला. यंत्र तयार होतं, पण तिनं तो पेला आधी देवकाबाईंपुढं धरला.

"मावशी, तुम्ही."

देवकाबाईंनी पेला नाकाशी नेला. एकदा वास घेतला, मान वळवून बाहेरची गरम हवा छातीत भरली, आणि पुन्हा घेतला. पिकल्या फळासारखा गोडसर, वर चढणारा, स्वच्छ वास. मागं काही लपलेलं आहे का म्हणून तिसऱ्यांदाही घेतला.

"आंबट नाई," त्या म्हणाल्या. "काईच आंबट नाई वो, पोरी."

एवढं म्हणून त्यांनी पेला तिच्या हातात दिला, स्टुलावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. फेब्रुवारीपासून जे आत दाबून ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं. सदाशिवराव उगाच खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. साडेआठ टक्के, हा आकडा यंत्रानं अर्ध्या तासानं सांगितला, तोवर देवकाबाईंचं रडून झालं होतं आणि त्या टाकी धुवायला पाणी उकळत होत्या.